सत्तावीस टँकर

आमच्या वाघोलीत, घरामागच्या मोकळ्या रानात ४०० फ्लॅटची नवी वसाहत होणार असं कळलं, तेव्हा मी पहिल्यांदा वही घेऊन बसले.

एका घरात पाच माणसं धरली तर २,०००. माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं नियोजनाचं प्रमाण. म्हणजे रोज २ लाख ७० हजार लिटर! नळाचं पाणी येईपर्यंत हे सगळं टँकरने आणायचं म्हटलं तर दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर. येताना भरलेले, जाताना रिकामे. आमच्या त्याच अरुंद गल्लीतून रोज चोपन्न फेऱ्या, आणि त्याही पहाटेपासून शाळेच्या बस निघतात त्या वेळी.

पाणी आणि रस्ता हे दोन वेगळे विषय आहेत असं मला आता वाटतच नाही.

२०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. त्याआधीपासून आम्ही टँकरचे पैसे भरतोय. गेल्या मे महिन्यात तर वरच्या मजल्यावरच्या आजी दोन कळश्या घेऊन जिन्यात बसल्या होत्या. लिफ्ट बंद आणि टँकर नगर रस्त्यावर अडकलेला.

नवी माणसं येऊ देत, त्यांनाही घर हवंच. पण जलवाहिनी आणि रुंद रस्ता आधी, भोगवटा प्रमाणपत्र (म्हणजे इमारतीत राहायला जायची परवानगी) नंतर, एवढंच मी हरकतीच्या अर्जात लिहिलंय. सोबत वहीतलं ते पानही जोडलंय. सोमवारी अर्ज देऊन पोच घेणार आहे.