बिशपसाहेब येणार, म्हणजे आधी दप्तर काढा

आमचं चर्च जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतलं; एस. पी. जी. या तिथल्याच मिशनरी संस्थेचं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आम्हीही सी. एन. आय.वाले झालो. तरी बिशप, म्हणजे डायोसिसचे (आमच्या भागातल्या सगळ्या चर्चांचे) प्रमुख, येणार म्हटलं की आमच्याकडे जुनी हौस उसळतेच. माझ्या सासरची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. त्यांच्यात पूर्वी बिशप हा प्रकारच नव्हता, त्यामुळे आमची धांदल बघून त्यांची चांगलीच करमणूक होते.

यंदा कमिटीची सेक्रेटरी मी. तारीख पक्की झाल्याचं पत्र आलं आणि मीटिंग रंगली ती हार झेंडूचा की गुलाबाचा, मटण की चिकन यावर. मला धास्ती होती पत्राच्या शेवटच्या ओळींची: कन्फर्मेशन घेणाऱ्यांची यादी बाप्तिस्म्याच्या तारखांसह पाठवावी, सर्व रजिस्टरं तयार ठेवावीत.

लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील आणि धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने दिलेली वचनं मोठेपणी आपण स्वतः घ्यायची आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवायचा, हे कन्फर्मेशन. जुन्या अँग्लिकन रिवाजात हा हात बिशपचाच हवा, म्हणून ते येईपर्यंत थांबायचं. एके काळी हे थांबणं किती लांबत असेल! १८२५ साली बिशप हेबर यांनी पुण्याच्या सेंट मेरीज चर्चचं समर्पण केलं, तेव्हा अख्खा हिंदुस्थान कलकत्त्याच्या एकट्या बिशपकडे होता. मुंबईला स्वतःचा बिशप, टॉमस कार, मिळाला तो १८३७ मध्ये. आम्हाला निदान एस. टी.च्या अंतरावर डायोसिस ऑफिस आहे.

पाळकसाहेबांचा वर्ग सुरळीत चालला. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार मुलांनी धडाधड पाठ केले. अडलं ते कागदावर. एका मुलीचा बाप्तिस्मा आजोळी, खेड्यातल्या चर्चमध्ये झालेला, आणि दाखला कुणाकडेच नाही. आई म्हणे झालाय, वडील म्हणे बहुतेक झालाय. पाळकसाहेब म्हणाले, अगदीच पत्ता लागला नाही तर ‘तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल तर’ असं म्हणून तो देण्याची सोय जुन्या प्रार्थनापुस्तकातच आहे. यावर आजी अशी काही भडकली की विचारू नका. “झाला नसेल तर म्हणजे? मी पाणी गरम करून दिलं होतं!”

शेवटी आजीलाच घेऊन मी त्या गावी गेले. रजिस्टर लांबट, पाठीला पट्टी चिकटवलेलं. मुलाचं नाव, आईबापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, विधी कुणी केला, असे रकाने. मुलीच्या नावाची नोंद कुठेच नाही. आजी मात्र बोट फिरवत राहिली आणि धर्ममातेच्या नावापाशी थांबली. “ही माझी नणंद. मग ही आमचीच पोर.” समोर मुलीचं नाव लिहिलं होतं ‘बेबी’. तिथल्या पाळकांनी खात्री करून तसा दाखला दिला, आणि आमच्या यादीत ‘बेबी उर्फ’ असं लिहून ती ओळ पुरी झाली.

बिशपसाहेब आले ते चहाच्या आधी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, रजिस्टरं मागवूनच बसले. उपासनांच्या नोंदवहीत एका रविवारची हजेरी कोरी दिसली, तर त्या दिवशी काय झालं होतं हे विचारलं. पूर आला होता. त्यांनी मान डोलावली, पान उलटलं, शेवटी सही केली.

उपासनेत मुलं एकेक करून पुढे येऊन गुडघे टेकत होती. बिशपसाहेबांच्या डाव्या हातात मेंढपाळाची काठी, उजवा हात डोक्यावर, आणि प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना. आमच्या ‘बेबी’ची पाळी आली तेव्हा आजी तिसऱ्या बाकावरून उठून उभीच राहिली, बसायला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. पहिलं प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारस) मुलांनी त्याच उपासनेत घेतलं. इथपर्यंत सगळं देखणं झालं. पुढचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम मात्र माझ्या मते आवरता आला असता. कमिटीचे झाले, महिला मंडळ झालं, तरुण संघ झाला, मग माजी पदाधिकारी, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो. मटण गार झालं.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की एका मुलाला मिळालेल्या कन्फर्मेशनच्या कार्डावर आडनावच चुकलंय. डायोसिस ऑफिसला फोन केला. म्हणाले, जुनं कार्ड पोस्टानं पाठवा, सही करून नवीन देतो. काल स्पीड पोस्ट केलंय.