आखाजीची रात्र आणि एक खोटी डायरी

१ मे २०२५, गुरुवार. अमळनेर.

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. सकाळी घागर भरली, वर डांगर ठेवलं, पितरांना नैवेद्य दाखवला. आमरस आणि सांजोऱ्या खाऊन दुपारी सगळं घर आडवं झालं. ऊन उतरल्यावर पोरीबाळी निंबाच्या झोक्यावर गेल्या, पुरुष मंडळी ओसरीवर पत्ते घेऊन बसली (आखाजीच्या पत्त्यांना आमच्या खान्देशात कुणी नाही म्हणत नाही), आणि आम्ही माहेरवाशिणी काकूच्या आतल्या खोलीत. भाचीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "आत्या, तू वर्गात ज्याच्यावर बोलतेस तो पिक्चर लावू का?"

म्हणून काल रात्री 'गॉन गर्ल' पुन्हा पाहिला, दहा वर्षांनी. सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

२०१४ च्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून काही वर्षं झाली होती. गिलियन फ्लिनची कादंबरी त्याआधी दोन वर्षं, २०१२ मध्ये, निघालेली. सिनेमाची पटकथाही तिनंच लिहिली, दिग्दर्शन डेव्हिड फिंचरचं. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला बायको घरातून नाहीशी होते आणि संशय नवऱ्यावर येतो, एवढं ऐकूनच मी अधीर झाले होते. मग परीक्षणं वाचत सुटले. त्या वेळी एवढा वाद कुठल्या दुसऱ्या चित्रपटावर झालेला मला आठवत नाही. सिनेमा उत्तम बांधलाय यावर बहुतेकांचं एकमत होतं. रोझमंड पाइकच्या कामावर तर होतंच, तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि त्या चित्रपटाला मिळालेलं ते एकमेव नामांकन. भांडण होतं ते ती बाई कशी दाखवली यावरून. एका बाजूचं म्हणणं, बलात्काराचे खोटे आरोप करणारी, गरोदरपणाचा हत्यारासारखा वापर करणारी बायको म्हणजे बायकांना पाण्यात पाहणाऱ्या पुरुषांच्या मनातलं भूत, तेच पडद्यावर खरं करून दाखवलंय. दुसऱ्या बाजूचं, एवढी हुशार, एवढी पाताळयंत्री नायिका कधी बघायला मिळाली होती का? फ्लिन स्वतः या दुसऱ्या बाजूची. बायका जन्मजात चांगल्याच असतात असं मानणं हाही अन्यायच, असा तिचा मुद्दा. गंमत म्हणजे 'कूल गर्ल'चं ते लांबलचक स्वगत, पुरुषांना आवडावी म्हणून हसत-खेळत सगळं सोसणाऱ्या बाईबद्दलचं, कितीतरी बायकांनी आपल्या मनातलं म्हणून जपलं. बोलणारी खलनायिका आहे हे विसरून. मीही जपलं होतं. वर्गात वाचून दाखवलं होतं.

तेव्हा मी दुसऱ्या बाजूची होते, अगदी हिरिरीनं. काल रात्री तो ताठा टिकला नाही.

काकूला इंग्रजी येत नाही. भाची शेजारी बसून तिला अहिराणीत सांगत होती, आणि तिचं सांगणं मला पडद्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं. मध्यावर गोष्ट उलटते आणि मेलेली समजलेली बायको गाडी चालवत निवांत चाललेली दिसते, तेव्हा भाची म्हणाली, "आजी, ती मरेल नई शे. पळी गई शे." काकू काहीच बोलली नाही. पदरानं चष्मा पुसला आणि परत लावला.

तेवढ्यात भाऊजी पाणी प्यायला आत आले. दारात उभे राहून त्यांनी पाचएक मिनिटं पाहिलं, नेमका भाग पाहिला, आणि म्हणाले, "हे तर आपल्याकडचं चारशे अठ्ठ्याण्णव आहे. खोटी केस. असंच करतात." आणि डाव अडलाय म्हणून निघून गेले. गेल्या १ जुलैपासून नवी न्यायसंहिता आली, सासरच्या छळाच्या त्या कलमाचा आकडा बदलला, पण लोकांच्या तोंडातला आकडा तोच राहिला. भाऊजी वाईट माणूस नाही. बहिणीच्या आजारपणात त्यांनी रात्र-रात्र जागून काढली आहे. पण त्या खोलीत धाकटी बसली होती, माझी चुलत बहीण, काकूची लेक, दिवाळीपासून माहेरी असलेली. ते तिच्याकडे न बघता बोलून गेले, आणि तिनं मान खाली घालून नखानं चटईची काडी उचकटली. बराच वेळ ती तेच करत होती.

तिथं मला माझी २०१४ मधली हिरीर आठवली आणि अंगावर काटा आला. खोटं बोलणारी बायको पडद्यावर बघून मी टाळ्या वाजवल्या, कारण माझ्या ओळखीत खरं बोलणारी आणि तरी खोटी ठरलेली कुणी तोवर नव्हती.

सिनेमाचा गाभा ती डायरी आहे. बायकोनं वर्षानुवर्षांच्या तारखा घालून लिहिलेली रोजनिशी पोलिसांच्या हाती लागते आणि नवरा अडकतो. पुढे कळतं, सुरुवातीची, प्रेमात पडण्याची पानं तेवढी खरी, बाकीचा छळ रचलेला. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटावं म्हणून ती पेनं बदलते आणि पळून जाताना ती पेनं एकेक करून गाडीच्या खिडकीतून फेकते. डायरीही अशी जाळते की अर्धवटच जळावी आणि सापडावी. पूर्वी मला हे फार चतुर वाटलं होतं. मी स्वतः बी.ए.पासून रोजनिशी लिहिते. काल पहिल्यांदा ध्यानात आलं की त्या खोट्या डायरीत आणि माझ्या खऱ्या डायरीत काय फरक आहे. माझ्या वह्यांत चार-चार महिने कोरे आहेत. आईच्या ऑपरेशनचा आठवडा कोराच आहे, आणि त्याच्या आधीच्या पानावर टमाट्याचा भाव. जेव्हा खरंच काही घडतं तेव्हा हात वहीकडे जात नाही. जिथं एकही दुखरा दिवस निसटलेला नाही ती वही बाहेरच्या कुणासाठी तरी लिहिलेली असते.

धाकटीला वकिलानं सांगितलंय, काय-काय झालं ते तारखांसकट लिहून आणा. दोन महिने झाले. तिला एक तारीख आठवत नाही. ती म्हणते, श्रावणातल्या कानबाई देवीचे रोट झाले त्यानंतर. पोळ्याच्या आधी. मुलाची सहामाही चालू होती तेव्हा. वकिलाच्या कारकुनानं म्हणे तिला विचारलं, "ताई, एवढं मोठं झालं आणि तारीख कशी लक्षात नाही?" ती त्याला उत्तर देऊ शकली नाही. पडद्यावरच्या त्या बाईला सगळ्या तारखा पाठ आहेत.

एक गोष्ट परीक्षणांत मला फारशी दिसली नव्हती. हे लग्न नोकऱ्या जाण्यानं कुजायला लागतं. दोघंही मासिकांत लिहिणारी, मंदीत दोघांच्याही नोकऱ्या जातात, सासू कॅन्सरनं आजारी म्हणून न्यूयॉर्क सोडून नवऱ्याच्या गावी, मिसुरीत यावं लागतं. फ्लिनचीही नोकरी २००८ मध्ये मासिकातून गेली होती, ती हे आतून जाणते. धाकटीचं घरही असंच. लॉकडाऊनमध्ये पुण्यातली कंपनी सुटली, सामान टेम्पोत भरून सासरच्या गावी आले, आणि दिवसभर घरात बसलेल्या माणसाचा राग कुठं जाणार? मी त्याची बाजू घेत नाही. पण पुण्यात असताना तो तिला स्कूटरवर बसवून भेळ खायला न्यायचा, हे तिनंच मला सांगितलंय, आणि ती पानंही खरीच आहेत.

शेवट आला. बायको रक्तानं माखलेली घरी परतते, नवऱ्याला सगळं माहीत असतं, तरी तो राहतो, कारण तिच्या पोटात त्याचं मूल आहे. अमेरिकेत हा सिनेमा तुफान चालला. ६ कोटी १० लाख डॉलर खर्चाचा चित्रपट, जगभरात जवळपास ३७ कोटी डॉलर कमावले. तरी पहिल्याच रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या तिकडच्या प्रेक्षकांनी त्याला 'बी' श्रेणीच दिली. माझ्या मते ती नाराजी या शेवटावरची असणार. असं सगळं झाल्यावर कोण राहील एका घरात?

काकूनं मात्र आधी विचारलं, "ती परत कसाले उनी?" भाचीनं सांगितलं. मग विचारलं, "आनि यानी तिले घरमा लिधी बी?" भाची म्हणाली, बाळ होणार आहे ना आजी, म्हणून. काकूनं मान हलवली, जणू आख्ख्या गोष्टीत हीच एक गोष्ट तिला पटली. "पोरनाकरता. सगळा तसाज ऱ्हातस."

कुणी काही बोललं नाही. बाहेर ओसरीवर कुणाचा तरी डाव लागला, हसण्याचा गलका झाला. धाकटीला दर वेळी समजावून, डबा भरून, मुलाच्या हातात खाऊ देऊन परत पाठवणारी काकूच होती. तिला आता ते टोचलं असेल का, मला माहीत नाही. ती उठून दूध तापवायला गेली.

आज सकाळी मी धाकटीला माझी कोरी वही दिली. म्हटलं, तारखा राहू दे, तू सण सांग, आपण तारखा काढू. काकू स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं जुनं कॅलेंडर काढत नाही, नवं त्याच्यावरच टांगते. पाच-सहा वर्षांचा गठ्ठा झालाय. तो खाली उतरवला आणि आम्ही दोघी जमिनीवर बसलो. गेल्या वर्षीची कानबाई ११ ऑगस्टला, रविवारी. सोमवारी विसर्जन. धाकटी म्हणाली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले होते. म्हणजे १३ ऑगस्ट, मंगळवार.

१४ च्या चौकोनात काकूच्या हातचा दुधाचा आकडा होता, १॥. त्याच्या आधी सगळा महिना १. १५ ला १॥, १६ ला १॥, १७ ला पुन्हा १.

मी धाकटीकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातून कॅलेंडर ओढून घेतलं आणि पानं उलटायला लागली. २०२३. २०२२. जिथं-जिथं ती न कळवता माहेरी आली होती, तिथं-तिथं अर्धा लिटर दूध वाढलेलं. कधी दोन दिवस, कधी चार, एकदा सलग नऊ दिवस. त्या नऊ दिवसांबद्दल तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. कोर्टात या आकड्यांना काय किंमत मिळेल ते वकील सांगेल. वहीत आत्तापर्यंत सोळा तारखा झाल्या आहेत. तिच्या अक्षरात, एकाच निळ्या पेनानं.

काकू दारात येऊन उभी राहिली. काय चाललंय ते तिनं विचारलं नाही. म्हणाली, कालच्या चौकोनात तीन लिव्हजो, आपण सगळ्या होतो, दूधवाल्याचा हिशेब चुकायला नको.

मी लिहिलं. गेल्या नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक चौकोनात १॥ आहे.