श्रद्धा आणि घाई

आज एका चर्चेत, अध्यात्म हा अनुभवाचा प्रांत असल्यामुळे विज्ञानाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे मत ठामपणे मांडले गेले, आणि मला जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग राहून राहून आठवत होता. अमेरिकेतील प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवण्यात आले. काहींचा विषय तर बायबलमधील दयाळू शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची कथा हाच होता. वाटेत प्रयोगाचाच भाग म्हणून एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसला होता. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी केवळ १० टक्के मदतीला थांबले. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

ईश्वर आहे की नाही, हे असे प्रयोग सांगत नाहीत आणि त्यांनी सांगूही नये. मात्र श्रद्धा आचरणात केव्हा उतरते, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञाइतकाच साधकाचाही आहे, असे मला वाटते. सहभागी विद्यार्थी जेमतेम ४० होते, त्यामुळे तेवढ्यावरून सरसकट श्रद्धावंतांना नावे ठेवणे मात्र अशास्त्रीय ठरेल.