घड्याळ लावून वाचलेलं 'रोमिओ अँड ज्युलिएट'

रविवार

हे नाटक पहिल्यांदा वाचायचं तर रविवारी उघडावं, कारण ते सुरूही रविवारीच होतं. हा वार आधी कुठे सांगितलेला नाही. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट विचारतो, आज वार कोणता, आणि तिच्याशी लग्न करू पाहणारा पॅरिस म्हणतो, सोमवार. तिथून मागे मोजलं की दोन वैरी घराण्यांची, ज्युलिएटच्या आणि रोमिओच्या, रस्त्यातली पहिली मारामारी रविवारी सकाळची ठरते. अंक ५, प्रवेश २४, ओळी साधारण तीन हजार. नाटकातल्या वारांप्रमाणे वाटून घेतल्या तर रोज तास-दीड तास पुरतो. आजचा वाटा मोठा: पहिला अंक पूर्ण आणि दुसऱ्यातले पहिले दोन प्रवेश.

बरेच वाचक पहिल्या पानावरच अडकतात. दोन नोकरांच्या कोट्या चालतात, प्रत्येक कोटीला तळटीप असते, आणि टीपा वाचता वाचता भांडण कधी पेटलं ते कळतच नाही. टीपा सोडाव्यात, तलवारी निघेपर्यंत सलग जावं. पुढे रोमिओ रोझालिनसाठी जे उसासे टाकतो त्यांचा कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा. ते प्रेम त्याने पुस्तकांतून उचललेलं आहे, ती रोझालिन रंगमंचावर एकदाही येत नाही. हा कंटाळा जमेस असला तरच कॅप्युलेटच्या घरच्या मेजवानीत ज्युलिएट दिसल्यावर त्याची भाषा कशी पालटते ते ऐकू येतं.

मेजवानीतली दोघांची ती पहिली भेट मोठ्याने वाचावी. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, उरलेल्या सहा दोघांत वाटलेल्या. चौदा ओळींचं अख्खं सुनीत दोन अनोळखी माणसं मिळून रचतात आणि शेवटी चुंबन घेतात. लगेच दुसऱ्या सुनीताच्या चार ओळी होतात, आणि ज्युलिएटची दाई येऊन तिला सांगते, आई बोलावतेय. ते सुनीत तिथेच तुटतं. या भेटीच्या अगदी आधी ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट याने वैऱ्याच्या घरातल्या रोमिओचा आवाज ओळखून सूड घ्यायचं ठरवलेलं आहे. हे दोन्ही एका दमात वाचलं पाहिजे. मध्ये चहाला उठलं की ती जवळीक निसटते.

ओळीच्या शेवटी मात्र थांबू नये. थांबायचं विरामचिन्हाला. नाही तर ओळीतली पाच आघातांची चाल पाढ्यांसारखी वाजते आणि अर्थ हरवतो.

सोमवार

आज घड्याळ खरोखर शेजारी ठेवावं. नऊ वाजता ज्युलिएटने दाईला रोमिओकडे निरोपाला धाडलेलं आहे, अर्ध्या तासात येते म्हणून ती गेली, बारा वाजले तरी पत्ता नाही. ज्युलिएट तास मोजत बसली आहे. दुपारी फ्रायर (म्हणजे ख्रिस्ती साधू) लॉरेन्सच्या खोलीत दोघांचं गुपचूप लग्न. त्यानंतर रस्त्यात टिबॉल्ट समोर येतो. त्या भांडणात रोमिओच म्हणतो की हा तासाभरापासून माझा नातलग आहे. तासाभरापासून! सगळा काही क्षणांचा प्रकार: रोमिओचा मित्र मर्क्युशिओ जखमी, मग रोमिओच्या हातून टिबॉल्ट मेलेला, आणि संध्याकाळच्या आत रोमिओला हद्दपारीची शिक्षा. शेक्सपिअरने कथा घेतली ती आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या काव्यातून. तिथे हा सगळा प्रकार कित्येक महिने चालतो आणि ज्युलिएट सोळाच्या आसपासची आहे. इथे ती चौदाचीही नाही आणि सगळं चार-पाच दिवसांत संपतं. माझ्या मते हे नाटक नशिबाचं कमी आणि वेळेचं जास्त आहे. प्रस्तावनेत ग्रहताऱ्यांना दोष दिला आहे खरा, पण प्रत्येक प्रवेशात कुणीतरी घाई करताना दिसतं.

वाचताना समासात एकच नोंद ठेवावी: लग्नाचं कोणाला ठाऊक आहे. फ्रायर आणि दाई, बस. आईबापांना नाही, पॅरिसला नाही. ही नोंद असली की मर्क्युशिओचा मृत्यू वेगळाच लागतो. रोमिओ अजून रोझालिनसाठी झुरतोय असं तो समजतो. ज्युलिएट नावाची कुणी आहे हे न कळताच तो मरतो. टिबॉल्टपुढे मित्र एवढा नमतं का घेतो, हे त्याला उमगणं शक्यच नव्हतं. त्यातून टिबॉल्टने आव्हानाची चिठ्ठी रोमिओच्या घरी पाठवलेली, आणि हा रात्रभर घरी गेलेलाच नाही.

मंगळवार

पहाटे हद्दपार रोमिओ ज्युलिएटचा निरोप घेऊन मॅन्च्युआ शहराकडे निघतो. त्याच सकाळी आई सांगते, गुरुवारी पॅरिसशी लग्न. दाई म्हणते, कर की मग. त्या एका सल्ल्यानंतर ज्युलिएट तिला आपलं काहीही सांगत नाही. तिचं मोठं होणं मला बाल्कनीच्या प्रवेशापेक्षा इथे जास्त दिसतं.

आजच्या भागात एक बारीक गोष्ट हमखास निसटते. दुसरं लग्न टाळायला फ्रायरची योजना अशी की ज्युलिएटने बुधवारी रात्री मेल्यासारखं दिसायला लावणारं औषध घ्यावं, आणि रोमिओला पत्राने सगळं कळवावं. ज्युलिएट घरी येऊन बापाची माफी मागते, नाटक इतकं छान वठवते की तो खूश होऊन लग्न बुधवारी सकाळवर आणतो. औषध एक दिवस आधी घ्यावं लागतं. रोमिओकडे पत्र नेणाऱ्या निरोप्याला मिळायचा अख्खा दिवस तिथे गेला.

औषधाचा असर ४२ तासांचा, असं फ्रायर सांगतो. हे तास पुढच्या प्रसंगांशी नीट जुळत नाहीत. ते जुळवत बसू नये.

बुधवार

थोडंच वाचायचं. ज्युलिएट मेली असं समजून घरच्यांनी केलेल्या विलापाच्या मागोमाग वाजंत्र्यांची थट्टा येते, प्रयोगात ती बहुधा कापतात. वाचताना कापू नये. तिघं वादक लग्नाला आलेत, प्रेत निघालं, आणि त्यांना जेवणाची काळजी आहे. घराबाहेरचं जग असंच असतं.

गुरुवारची पहाट

पत्र घेऊन निघालेला फ्रायर जॉन साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला, म्हणून ते रोमिओला मॅन्च्युआत पोचलं नाही. ही एका ओळीतली माहिती घाईत वाचली तर शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो. पण नाटकभर कागदच घोळ करत आलेत. ज्या नोकराला वाचता येत नव्हतं, त्याने मेजवानीची यादी रोमिओकडून वाचून घेतली, म्हणून तर रोमिओ तिथे गेला.

थडग्यात ज्युलिएटला मेलेली समजून विष घेणाऱ्या रोमिओच्या मृत्यूपासून ज्युलिएट जागी होईपर्यंत जेमतेम २५-३० ओळी जातात. १७४८ मध्ये इंग्लिश नट डेव्हिड गॅरिकने प्रयोगासाठी हे बदललं: ज्युलिएट आधी जागी होते, दोघं बोलतात, मग रोमिओ मरतो. प्रेक्षकांना ते फार आवडलं. पण मूळचा घाव त्या चुकामुकीच्या ओळींत आहे, आणि त्या मोठ्याने वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

ज्युलिएट गेली की पुष्कळ जण पुस्तक मिटतात. अजून १४० च्या आसपास ओळी उरतात. फ्रायर थोडक्यात सांगतो म्हणतो आणि चाळीसेक ओळी बोलतो, सगळं आपल्याला ठाऊक असलेलंच. तरी ते वाचावं, आणि वाचताना फ्रायरकडे न पाहता कॅप्युलेटकडे पाहावं. समासातली नोंद काढून बघावी: मुलीचं लग्न झालं होतं हे बापाला आत्ता, या ओळींत, पहिल्यांदा कळतंय.