ऑटोमॅटिक गाडीतले डावे पॅडल

स्टिअरिंगमागच्या दोन पॅडलपैकी उजव्याने गिअर वाढतो आणि डाव्याने उतरतो, एवढे ठाऊक असूनही ऑटोमॅटिक गाडी चालवणारे अनेकजण त्यांना वर्षानुवर्षे हात लावत नाहीत. शर्यतीतला हा प्रकार आपल्याला कशाला हवा, असे त्यांना वाटते. १९८९ मध्ये नायजेल मॅन्सेलने ब्राझील ग्रां प्री जिंकली, त्या फेरारीतून पॅडल फॉर्म्युला वनमध्ये आले हे खरे. परंतु रोजच्या रस्त्यावर त्यांचा मोठा उपयोग वेग आवरण्यासाठी आहे, आणि म्हणूनच मला डावे पॅडल अधिक मोलाचे वाटते.

लांब उतारावर गाडी ‘डी’मध्येच, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या ‘ड्राइव्ह’ स्थितीत, ठेवली, तर गिअरबॉक्स बहुधा वरचा गिअर धरून राहतो, इंजिनाचा विरोध नाममात्र उरतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. अशा वेळी वळणाच्या बरेच अलीकडे डावे पॅडल एकदा, गरज पडल्यास पुन्हा एकदा ओढावे. इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा झर्रकन वर चढतो, इंजिनाचा आवाज भरतो आणि गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी सावरते. त्या आवाजाने बिचकू नये. इंजिन मर्यादेपलीकडे फिरेल असा गिअर मागितल्यास गिअरबॉक्सचा संगणक ती मागणी नाकारतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना आधुनिक इंजिन बहुतेक वेळ इंधनही घेत नाही.

मात्र असा वेग कमी होताना ब्रेकचे दिवे लागत नाहीत, म्हणून मागे गाडी असेल तर ब्रेकला हलका स्पर्श अवश्य करावा. निसरड्या रस्त्यावर एकदम खालचा गिअर टाकणे टाळावे, कारण चाके घसरू शकतात.

ओव्हरटेक करण्यापूर्वी गिअर आधीच उतरवून ठेवला, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर होणारा विलंब टळतो.

‘डी’मध्ये असताना पॅडल वापरल्यास अनेक गाड्या थोड्या वेळाने पुन्हा आपले आपण गिअर बदलू लागतात, त्यामुळे मोठा उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोड, म्हणजे गिअर चालकाच्या हाती ठेवणारी स्थिती, निवडणे मला श्रेयस्कर वाटते. सीव्हीटीमध्ये, म्हणजे गुणोत्तर सलग बदलत राहणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, खरे गिअर नसतात, पॅडल केवळ ठरावीक टप्पे निवडतात, तरीही इंजिनाचा रोध तिथेही मिळतो. काही विद्युत गाड्यांत तर डावे पॅडल ओढले की मोटरच गाडीला अधिक रोखते आणि त्यातून निर्माण झालेली वीज बॅटरीत जाते.