नेपानगरचा कागद

आपल्या शाळेत मी मध्य प्रदेशातल्याच नेपानगरहून आलो. वडील तिथल्या कागद कारखान्यात नोकरीला होते. मुलाचे शिक्षण मराठीतून आणि इंदूरलाच व्हावे, या त्यांच्या हट्टापायी मी आत्याकडे राहिलो आणि सुटी लागली की खांडव्याच्या मीटरगेज गाडीने घराकडे निघत असे. वर्तमानपत्रांच्या ओहोटीविषयी आज पुष्कळ बोलले जाते, पण त्यांचा कागद बनवणाऱ्या गावांची आठवण सहसा कोणी काढत नाही, म्हणून या स्मरणिकेत तेच लिहितो आहे.

नेपानगर कारखान्यासाठीच वसले. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला हा वर्तमानपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना. जवळच्या जंगलातली सालई आणि बांबू हा त्याचा कच्चा माल. रिळांच्या शेवटी उरलेल्या कागदाच्या वह्या वडील घरी शिवून देत. त्या कागदावर शाईचे अक्षर फुटे, म्हणून आमच्या मराठीच्या बाईंनी मला शिसपेन्सिलीने लिहिण्याची खास मुभा दिली होती. वाचनालयाच्या तासाला त्या आमच्याकडून अग्रलेख मोठ्याने वाचून घेत. राहुल बारपुते यांच्यासारख्या मराठीभाषक संपादकाने ‘नई दुनिया’तून हिंदी पत्रकारितेला वळण दिले, ते आपल्याच शहरात, हेही आम्हाला बाईंकडूनच कळले.

मोबाइलमुळे वर्तमानपत्रे मागे पडली आणि त्यापायी कागद कारखाने बसले, असे सरसकट म्हटले जाते. नेपानगरपुरते तरी हे मला पटत नाही. १९९५ मध्ये वर्तमानपत्री कागदाची आयात खुली झाली, परदेशी कागदापुढे देशी कागदाचा निभाव लागेना, आणि पुढे कितीतरी वर्षे हिंदी-मराठी दैनिकांचा खप वाढत असूनही आमच्या कारखान्याची घसरण थांबली नाही. लाकूड सोडून तो रद्दीची शाई धुऊन काढलेल्या लगद्यावर आला. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी थांबलेले उत्पादन २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले खरे. पण मधल्या करोनाच्या टाळेबंदीत दैनिकांच्या प्रती घटल्या होत्या आणि पानेही. ओहोटीचा खरा फटका त्याला बसला तो असा, नुकता उभा राहताना.

गाव एकाच मालावर जगत असले की यंत्राबरोबर किराणा दुकानदार, शिंपी, ट्रकवाले, शिकवण्या घेणारे असे सगळेच अडचणीत येतात. तरुण कुटुंबे खांडवा, बऱ्हाणपूर, इंदूर अशी पांगली आणि वसाहतीत मुख्यतः निवृत्त माणसे उरली. वडिलांच्या बरोबरीचे काका भेटले की अजूनही पहिल्यांदा विचारतात, “इंदूरला पेपर कोण कोण घेतं रे?” या प्रश्नाला खरे उत्तर देताना मला फार जड जाते.

कारखाना आता लिहिण्या-छपाईचा कागदही बनवतो. शाळेच्या वह्या आणि उत्तरपत्रिका यांच्यासाठी तो मागवून पाहावा, आणि वाचनालयातली दैनिके काटकसरीच्या नावाखाली बंद करू नयेत, अशा दोन विनंत्या मी संस्थेच्या कार्यकारिणीला लेखी दिल्या आहेत. माझ्या वर्गमित्रांनीही त्यांवर सह्या कराव्यात.