चिकूचा उन्हाळा

आज विश्रामबागेत नुसता उकाडा. चिकू, आमची बजी (छोट्या पाळीव पोपटांची एक जात), चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसली होती. हे उकडल्याचं लक्षण. पिंजरा खिडकीतून काढून आतल्या भिंतीला लावला आणि बशीत साधं पाणी ठेवलं. बाईसाहेबांनी आधी एक पाय बुडवून बघितला, मग पोट टेकवून अशी फडफडली की अर्धी फरशी ओली!

संध्याकाळी बाहेर सोडण्याआधी पंखा बंद, पाती पूर्ण थांबेपर्यंत. खिडकीला पडदा, कारण पक्ष्याला काच कळत नाही.

पण माझा खरा आग्रह स्वयंपाकघराबाबत आहे. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्याच्या लेपातून विषारी वायू निघतो. आपल्याला त्याचा वासही येत नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतो, इतकी त्यांची फुप्फुसं नाजूक. आईने आज डोसे बिडाच्या तव्यावर घातले. "तिच्यासाठी एवढं तर करूच," म्हणाली. मला फार बरं वाटलं.

आणि हो, आपला रानातला हिरवा पोपट कुणी पाळायचं म्हणत असेल तर कृपया नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, विकतही घेऊ नका.